घराचे दोष फाटकाबाहेर

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्यानं नको, शेजारी ऐकतील. प्रश्न असा — जी जागा आपण सोडून चाललो, तिथं आपल्यामागून जो कुणी राहायला येणार, त्याचे आपण कुणी लागतो का? त्याचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. सही केली, किल्ली दिली, विषय मिटला. लागतो का काही?

नाही म्हणालात ना? या पुढच्या काकांनी तर मानच हलवली. असू द्या. आता ऐका.

कऱ्हाडला एका कॉलनीत तीन खोल्यांचं बैठं घर. त्यात राहते ऋजुता पाटणकर, तिची अडीच वर्षांची गार्गी आणि सासूबाई — त्यांना सगळे माई म्हणतात. ऋजुताचा नवरा निरंजन नाशिकला कारखान्यात. महिन्यातून एकदा यायचा, दोन दिवस राहायचा, परत जायचा. त्यामुळं झालं काय, की गार्गीच्या लेखी बाबा राहायचा फोनात. खरा बाबा दारात उभा राहिला की ही आजीच्या पदराआड! एकदा तो उचलून घ्यायला गेला, तर म्हणाली, "थांब हं, मी बाबाला विचारते," आणि फोन आणायला आत पळाली.

हसलात? निरंजनही हसला. मग तोंड धुवायला म्हणून मोरीत गेला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.

त्या दिवशी ठरलं. हे घर विकायचं आणि नाशिकला सगळ्यांनी एकत्र राहायचं. आणि ऐका, "चला" असं पहिल्यांदा माईच म्हणाल्या.

आता घर विकायचं म्हणजे काय, हे या घरात कुणालाच ठाऊक नाही. भाजी निवडणं वेगळं आणि घर विकणं वेगळं! एजंट आले, शेडगे नावाचे. चहा पीत म्हणाले, "वहिनी, दाखवायचा कार्यक्रम समजा. पोहे तेवढे करू नका, बाकी सगळं तसंच."

ऋजुता कामाला लागली. कधी? तर गार्गी झोपली की. लेकरू झोपलं की आईचा दिवस सुरू होतो, हे इथल्या बायकांना सांगायला नको. गळका नळ बदलून घेतला. माळ्यावरचे डबे उतरवले. भिंतीवर गार्गीनं खडूनं हत्ती काढले होते, ते ओल्या फडक्यानं पुसले. एक दाराआडचा तेवढा पुसायला हात होईना, म्हणून राहू दिला. उरली पश्चिमेची भिंत. दर पावसाळ्यात तिला ओल यायची. शेडगे म्हणाले, "तिथं कपाट सरकवा. कोण बघतंय?"

ऋजुता कपाटाला हात लावून उभी राहिली. मनाला पटेना. पण डोळ्यांपुढं फोन आणायला पळणारी पोर. सरकवलं कपाट. तुम्ही काय केलं असतंत? राहू द्या, उत्तर नको.

आता माईंची गंमत. माईंचा पक्का विश्वास — घरात वाईट बोलायचं नाही. वास्तू ऐकत असते, आणि कुठल्या क्षणी 'तथास्तु' म्हणेल, नेम नाही. तांदूळ संपले तरी त्या 'संपले' म्हणायच्या नाहीत, 'वाढले' म्हणायच्या. आणि बाई खोटंही बोलायच्या नाहीत. आता करा काय करायचं ते!

पहिलं गिऱ्हाईक आलं, बँकेतले साहेब आणि त्यांची बायको. घर आवडलं. साहेबांनी सहज विचारलं, "भिंतींना ओल वगैरे?" ऋजुता तोंड उघडणार, तोच माई — "श्श. इथं नको. बाहेर चला." दोघांना फाटकाबाहेर रस्त्यावर नेलं, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच सांगितलं, "पश्चिमेची भिंत ओलावते. कपाटामागं आहे."

साहेबांनी बायकोकडं पाहिलं, बायकोनं साहेबांकडं. स्कूटर सुरू!

दुसऱ्यांनी विचारलं, "पाणी रोज येतं ना?" माई म्हणाल्या, "बाहेर चला." ते बाहेर गेले ते गेलेच. तिसरे तर फाटकातूनच वळले. चार दिवसांनी शेडगे घाम पुसत आले.

"वहिनी, गावात काय बोलतायत माहितीय? त्या घरात काहीतरी आहे म्हणे."

"काय आहे?"

"तेच कुणाला कळेना. घरातली माणसं घरात बोलत नाहीत म्हणे. बाहेर नेऊन सांगतात."

शेडगे गेले. ऋजुताचा धीर सुटला. "माई, तुम्हाला यायचं नसेल तर सरळ सांगा. पण असं नका करू. त्या पोरीला बाप ओळखू येईना झालाय."

माईंनी फक्त एवढंच म्हटलं, "घरात असं बोलू नये गं."

आता सांगा, राग येईल की नाही?

पुढच्या रविवारी आले खाडे नवराबायको. विक्रम एसटीच्या डेपोत मेकॅनिक. कोमलला आठवा महिना, एक हात कमरेवर. ती खोल्या बघत बघत म्हणाली, "मावशी, हितं ओल येती का वो? बाळ व्हायचंय, म्हणून इचारते."

माई म्हणाल्या, "बाहेर चल, पोरी."

विक्रम जागचा हलला नाही. "बाहेर कशाला? आमी ऐकलंय ते बाहेरचं. काय असंल ते हितंच सांगा."

ऋजुता उठली. कपाटाला खांदा लावला, सरकवलं आणि म्हणाली, "ही बघा ओल. दर पावसाळ्यात येते. कपाट मीच लावलं होतं."

माई खुर्चीत बसल्या. डोळे भरले. "बोललीस शेवटी. अगं, आपण चाललो. आपल्याला काय होणार आता? पण इथं हिचं बाळ राहायचंय. घरात म्हटलेलं त्याच्या वाट्याला येईल, म्हणून मी आपली एकेकाला फाटकाबाहेर नेत होते."

मंडळी, ऋजुताला काय वाटलं असेल? माई घराला धरून बसल्यात, असं ती समजत होती. आणि ही बाई काळजी करत होती कुणाची? ज्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत त्यांची. ती खाली माईंच्या पायाशी बसली. म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? तू हसली असतीस."

"हसले असते," ऋजुता म्हणाली आणि खरंच हसली, डोळे पुसत.

कोमल नवऱ्याला म्हणाली, "आवो, आपलं आजून ठरलंबी न्हाई, आन् ह्या आपल्या पोराची काळजी करून बसल्या. इतकी घरं बघितली. भिंतीला कपाटं समद्यांचीच हुती. सरकवलं कुणी?"

विक्रमनं भिंतीवर तळवा ठेवला. "ओल काढता येती की. पर मावशी, एक इचारू? भूतबित न्हाई ना?"

"भूत?" माई ताडकन उठल्या. "अरे, बाहेर चल आधी!"

काय हसली ती माणसं! गार्गी झोपेतून उठून आली आणि काही न कळता तीही हसायला लागली. खाड्यांनी घर घेतलं.

सामान टेम्पोत चढलं. निरंजन बाहेर दोऱ्या आवळतोय. माई गार्गीला कडेवर घेऊन रिकाम्या घरात फिरायला लागल्या. रिकाम्या घरात आवाज घुमतो, ठाऊक आहे ना? प्रत्येक खोलीत थांबून त्या मोठ्यानं म्हणत होत्या, "इथं पाळणा टांगतील. बाळाला गाढ झोप लागेल. इथं ते पहिलं पाऊल टाकेल. या चुलीवरचं कधी उणं पडणार नाही." ऋजुता दारात उभी. तिचा कुठं होता असल्या गोष्टींवर विश्वास? पण ती पश्चिमेच्या भिंतीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "इथं भरपूर ऊन येऊ दे." आणि मंडळी, कित्येक महिने छातीत धरून ठेवलेला श्वास तिनं तिथं सोडला.

नाशिकला पंधरा दिवसांत गार्गी बापाला ओरडायला लागली — चपला बाहेर काढ, हात धू, माझ्या ताटातलं खाऊ नको. ओरडण्याइतका बाप आता तिच्या ओळखीचा झाला होता. तोही मुकाट्यानं हात धुवायचा. याहून आणखी सुख ते काय असतं?

आता काका, पुन्हा विचारते. मागून येणाऱ्याचे आपण कुणी लागतो का? यावेळी मान हलवायची घाई करू नका. घर विकायला काढलं असेल त्यांनीच ऐकायचं, असं नाही हे. आपण रोज काहीतरी सोडून उठतो. बसमधली जागा, नळाची रांग, धर्मशाळेतली खोली, नोकरीतली खुर्ची, आणि एक दिवस हा देहही. तिथं येणारा आपल्याला कधी भेटणार नाही. आभारही मानणार नाही. त्याच्यासाठी जाता जाता एक चांगला शब्द निघतो का तोंडातून? बघा, जमतंय का.

आज फार मोठं काही करू नका. उठताना आपल्याखालची सतरंजी तेवढी झटकून, नीट अंथरून उठा. उद्या तिथं कुणीतरी बसायचंय.