फोर-डी ताब्यात देताना

नाही, पण मला एक सांगा, अर्धा तास म्हणजे नेमका किती हो? तीस मिनिटं ना? की मुसफ्फात त्याचं काही वेगळं माप असतं? कारण शहनाझ मॅडम, आमच्या सुपरवायझर, रविवारी सकाळी मला म्हणाल्या, "सूर्यकांत सर, क्लासरूम हँडओव्हर तो बस आधे घंटे का काम है," आणि गुरुवार उजाडला, अकरा वाजून गेले, तरी मी त्याच वर्गात, कपाटाखाली हात घालून, पोटावर पालथा पडून डस्टर शोधतोय! एकोणपन्नासाव्या वर्षी! पाहिजेत दोन डस्टर, माझ्याकडे एक, आणि त्या दुसऱ्यापायी माझं विमान चुकायची वेळ आलेली...

मधूनच सुरू केलं का मी? शोभना, आमची मंडळी, नेहमी म्हणते, "अहो, आधी माणसाला कळू तरी द्या काय झालंय ते, मग चिडा." तर तुम्हाला सांगतो. मी मास्तर. होतो. अबुधाबीला लागून हे मुसफ्फा, जिकडे बघाल तिकडे गॅरेजं नि वेल्डिंगची वर्कशॉपं, आणि त्यांच्या मधोमध आमची इंडियन स्कूल. तिथे चौदा वर्षं मी फोर-डीचा क्लास टीचर. चौदा वर्षं तोच वर्ग, तीच खिडकी, तोच कडकडणारा एसी! दोन हजार आठची दिवाळी झाली तेव्हा वर्गात चौतीस पोरं होती. मग तिकडे अमेरिकेत कुठल्याशा बँका बुडाल्या आणि इकडे माझा तिसरा बाक रिकामा झाला. संबंध काय? तुम्हीच सांगा, संबंध काय? पण एका पोराच्या बापाची दुबईतली साइट बंद पडली, दुसऱ्याच्या बापाला कंपनीनं नोटीस दिली, तिसऱ्याचे तर आईवडील दोघंही घरी बसले, आणि दर रविवारी, तिकडे शाळेचा आठवडा रविवारीच सुरू होतो, हजेरी घ्यावी तर एक पोर कमी!

बरं, नाव खोडता येत नाही. का? तर टी.सी. नेलेला नाही. लोक रातोरात सामान बांधून गेले हो, टी.सी. कुठला नेतायत! तेव्हा नियमाप्रमाणे मी रोज चौतीस नावं घ्यायची आणि वर्गात होती ती पोरं न आलेल्यांची उत्तरं द्यायची. त्यात तो कुशल, पहिल्या बाकावरचा, त्यानं ते खातं आपणहून सांभाळलेलं. मी म्हणायचो, "आदित्य?" की हा उभा. "ही हॅज गॉन, सर!" कुठे रे? "इंडिया, सर! हिज डॅडीज कंपनी इज खलास, सर!" आणि खाली बसायचा, जसा काही आदित्य पाणी प्यायला गेलाय. मार्चपर्यंत उरली अकरा. ती पास होऊन पाचवीत गेली, आणि एप्रिलात नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा चौथीला पोरंच एवढी कमी, की शाळेनं फोर-डी उघडलाच नाही! मग मी काय करायचं? तर ज्यांचे सर आजारी त्यांच्या वर्गात बसायचं आणि दुपारी बसच्या दारात उभं राहून पोरं मोजायची. दोन महिने मोजली. मग म्हटलं, बास.

साताऱ्याला एमआयडीसीत धनंजयराव म्हणून शोभनाच्या मामेभावाचे मित्र, त्यांचा ताडपत्रीचा कारखाना. तिथे डिस्पॅच बघायला माणूस पाहिजे होता. शोभना आणि आमची लेक ईश्वरी आधीच साताऱ्याला गेल्या होत्या. धनंजयरावांचा निरोप असा, "मास्तर, एक जुलैला सकाळी नऊला हजर व्हा, नाहीतर माझ्याकडे दुसरा माणूस तयार आहे." त्या वर्षी दुसरा माणूस प्रत्येकाकडे तयार होता हो! तेव्हा मी शुक्रवारचं तिकीट काढलं. आता अडचण एकच. पासपोर्ट! तो तिकडच्या रीतीप्रमाणे शाळेच्या तिजोरीत. तो मिळणार क्लिअरन्स फॉर्म पुरा भरला की. फॉर्मवर सह्या सात, त्यातल्या सहा मी दोन दिवसांत मिळवल्या, लायब्ररी, लॅब, बस, सगळ्या, आणि सातवी राहिली: क्लासरूम हँडओव्हर. गुरुवारी एक वाजता ऑफिस बंद. म्हणजे सही नाही तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर विमान नाही, विमान नाही तर ताडपत्री नाही. आणि ह्या सगळ्यांच्या आड काय? अर्ध्या तासाचं काम!

कपाट उघडलं आणि मी मोजायलाच बसलो. पोरं गेली होती हो, पण त्यांचं सगळं तिथेच! पाण्याच्या बाटल्या सतरा. डबे चार, त्यातला एक मी उघडला आणि तुम्हाला सांगतो, पुन्हा बंद केला, आत जे काही होतं ते पूर्वी पराठा असावं. आणि एक बूट. एकच! डाव्या पायाचा! आता मला सांगा, पोरगं देश सोडून गेलं, विमानात बसलं, आणि आईबापांना कळलं नाही याच्या पायात एकच बूट आहे? आणि खालचा खण... तो जप्तीचा. तासाला खेळताना सापडलं की मी काढून घ्यायचो, भोवरे, पत्ते, गाड्या, कुणाच्या वहिनीनं की मावशीनं सिंगापूरहून आणलेलं ते पीं पीं वाजणारं काहीतरी. आणि दरडावून सांगायचो, "वर्ष संपलं की मिळेल!" पोरं विश्वास ठेवायची हो माझ्यावर. एका चिमुरडीनं, मैथिली तिचं नाव, आपल्या हातानं चिठ्ठी चिकटवून ठेवली होती खेळण्यावर: हे माझं आहे, सर मार्चमध्ये देणार आहेत. ती जानेवारीतच गेली. मला खरंच वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पोराला दिलेला शब्द कधी मोडला नव्हता. कुशलला मधल्या सुट्टीत बोलावलं, म्हटलं, अरे, हे तुम्ही वाटून घ्या. तर तो गंभीर चेहरा करून म्हणतो, "नो सर, इट्स नॉट अवर्स. यू कीप इट, सर. दे विल कम अँड आस्क." सगळा खण बॅगेत भरला. माझे दोन शर्ट त्यापायी मागे राहिले.

हे झालं माझं. आता शाळेचं. स्टोअरकीपर जहूरभाई, हैदराबादचे, तोंडात वेलदोडा आणि हातात यादी. "क्या सर, टेन्शन कायकू लेते? आधे घंटे का काम है, इन्शाल्ला!" इन्शाल्ला ऐकलं की मी पहिली खुर्ची शोधतो, कारण त्यानंतर बराच वेळ बसावं लागतं. यादी कधीची? एकोणीसशे पंच्याण्णवची! शाळा सुरू झाली तेव्हा कुणीतरी टाइप केलेली. त्यात काय होतं? 'पडदे हिरवे, दोन.' म्हटलं, जहूरभाई, पडदे काढून शाळेनंच खिडकीला ह्या प्लास्टिकच्या पट्ट्या बसवल्या की हो, तुम्हीच बसवल्या, माझ्यासमोर स्टुलावर चढला होतात! "हौ सर, पन लिस्ट में पडदे हैं." म्हटलं, मग पट्ट्या? "वो लिस्ट में नै हैं. वो एक्स्ट्रा है." मग काय करू, उपटू पट्ट्या? तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि मला शास्त्र सांगितलं: "सर, जो लिस्ट में है वो होना. जो लिस्ट में नहीं है वो नहीं होना. बाकी आप की मर्जी."

म्हणजे कमी असलं तरी पंचाईत आणि जास्त असलं तरी पंचाईत! आणि माझ्याकडे दोन्ही. कारण आमच्या शाळेत पद्धतच तशी हो. पालकसभा आली की शेजारच्या वर्गातून खुर्च्या आणायच्या, इन्स्पेक्शन आलं की नकाशे आणायचे, आणि परत करायचं कधी? कधीच नाही! चौदा वर्षांत माझ्याकडे सहा खुर्च्या जास्त झाल्या होत्या आणि एक डस्टर, एक कचऱ्याची टोपली नि युरोपचा नकाशा कमी. मी खुर्च्या उचलून फोर-सीला नेल्या. तिथल्या प्रज्ञा मॅडम नागपूरच्या, एरवी इतक्या गोड बोलायच्या! दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "ना ना ना सर, माझी यादी कालच जुळली आहे, एक खुर्चीसुद्धा आत येणार नाही!" अहो पण ह्या तुमच्याच आहेत! "असतील. मला त्यांच्याशिवाय सवय झाली आहे." मग फोर-बी. तिथून फोर-ए. भर उन्हाळ्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री, हा मास्तर दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन व्हरांड्यातून फिरतोय आणि एकेक दार बंद होतंय!

शेवटी कोण धावून आलं? दौलत. आमचा गेटवरचा शिपाई, महाडकडचा, माझ्याच वयाचा. आल्या आल्या तोच मंत्र, "सर, आर्ध्या तासाचं काम हाय, कशापायी घाम गाळताय?" त्यानं खुर्च्या नेल्या, कुठे नेल्या मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. टोपली आणली. युरोप आणला, त्यात अर्धा फ्रान्स उंदरानं खाल्लेला, पण यादीत 'नकाशा एक' एवढंच होतं, फ्रान्स पाहिजेच असं नव्हतं. आणि पडदे! दौलतनं हिरवे पडदे आणले! बसच्या शेडमध्ये ड्रायव्हर लोक दुपारी त्यांवर झोपायचे. एवढं सगळं केलं ह्या माणसानं, आणि मी माझं स्वतःचं भिंतीवरचं घड्याळ, स्वतः विकत घेतलेलं, पंचवीस दिरहॅमचं, म्हणजे सव्वातीनशे रुपयांचं, काखेत मारून गेटमधून निघालो तर मलाच अडवलं! "सर, गेटपास?" अरे, माझं आहे ते! "आसंल की. पर भिताडावर व्हतं नव्हं? भिताड शाळेचं हाय." मी घड्याळ त्यालाच देऊन टाकलं. ते मात्र त्यानं गेटपासशिवाय घेतलं.

बारा चाळीसला दुसरं डस्टर सापडलं, एसीच्या मागे. जहूरभाईंनी यादीवर शेवटची टिक मारली. मी म्हटलं, यल्ला जहूरभाई, मारा शिक्का! तर त्यांनी फॉर्म उलटा केला. मागे एक ओळ. 'वर्ग ताब्यात घेणाऱ्या शिक्षकाचे नाव व सही.' "ये कौन है सर?" कोण म्हणजे? फोर-डी बंद झाला! म्हणूनच तर मी चाललोय! घेणारा कुठून आणू? "वो मेरे कू नहीं मालूम. खाली नहीं छोड सकते." मी पळत शहनाझ मॅडमकडे, त्या मीटिंगमध्ये, दार किलकिलं करून म्हणाल्या, "सर, प्रोसीजर है, किसी का भी नाम चलेगा, बस टीचर होना चाहिए." प्रज्ञा मॅडमकडे गेलो, त्यांनी माझा चेहरा बघूनच आतून कडी लावली. बारा बावन्न. दौलत म्हणाला, मी करतो सही, पण तो टीचर नाही. एवढ्यात खिशात फोन. शोभना. "अहो, धनंजयरावांचा फोन आला होता, दुसऱ्या माणसाला बोलावू का म्हणून विचारत होते. मी सांगितलंय, आमचे हे निघालेच. निघालात ना?" म्हटलं, निघालोच. चौदा वर्षं नोकरी केली आणि घरी जायला एक सही मिळत नाही, रडू यायचंच बाकी होतं.

आणि मग मी पेन काढलं. नाव कुणाचं लिहिलं? माझं! देणार सूर्यकांत, घेणार सूर्यकांत. दोन्हीकडे सही ठोकली. जहूरभाईंनी कागद जवळ नेला, लांब नेला, वेलदोडा गालातून गालात फिरवला. "सर... दोनों दस्तखत सेम दिखरे." म्हटलं, जहूरभाई, माणूसही सेमच आहे. फॉर्म भरलाय की नाही? "भरा तो है." टीचर आहे की नाही? आज एक वाजेपर्यंत? त्यांनी घड्याळ बघितलं. बारा अठ्ठावन्न. शिक्का मारला! पासपोर्ट घेतला, विमानात बसलो, एक तारखेला नऊला दहा कमी असताना ताडपत्रीच्या ढिगाऱ्यापुढे हजर. ट्रक मोजतो आता. ट्रक बरे, एकदा मोजले की हलत नाहीत.

सगळं छान चाललं होतं. आणि परवा, सप्टेंबरात, कारखान्याच्या कॉम्प्युटरवर शाळेची ईमेल. वार्षिक स्टॉक तपासणी! 'फोर-डी वर्ग आपल्या ताब्यात असल्याने वस्तू व विद्यार्थी यांची सद्यःस्थिती तातडीने कळवावी.' शोभना म्हणाली, "उत्तरच देऊ नका, कोण विचारतंय इथे येऊन?" पण तुम्हाला सांगतो, चौदा वर्षांची खोड, वरून कागद आला की मास्तरला गप्प बसवत नाही. बाहेर ट्रक हॉर्न मारत होता, धनंजयराव हाका मारत होते, आणि मी बसून कळवलं, काय करणार... 'वस्तू जागेवर आहेत. आज एकही मूल हजर नाही. वर्गात पूर्ण शांतता आहे.'