आजीचा शब्द

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने शेजारच्या आजोबांच्या डोळ्यांत थेंब घातले, तसे ते एकदम म्हणाले, "अय्या, केवढं गार!" त्यांची नात फिसकन हसली.

"आजोबा, अय्या बायका म्हणतात."

"कोण म्हणतं असं?"

"शाळेत सगळे. मुलगे कधीच म्हणत नाहीत."

"मीही म्हणत नव्हतो. तीस वर्षं क्रेन चालवली. तिथे अय्या म्हटलं असतं तर लोकांनी जगू दिलं नसतं. डोळे मिटूनच ठेवायचेत ना अजून?"

"हो, नर्स सांगेपर्यंत. मग कुठून शिकलात?"

"तुझ्या आजीचा शब्द तो. दूध उतू गेलं तरी अय्या, मी वेळेवर घरी आलो तरी अय्या."

"मला नाही आठवत."

"कसं आठवेल? ती गेली तेव्हा तू दोन महिन्यांची होतीस. तुला पहिल्यांदा घेतलं तेव्हाही तेच म्हणाली. तिच्यामागे घरात कुणाला कशाचं नवलच वाटेना. मग एक दिवस माझ्याच तोंडून निघालं."

"पण बाबांना नाही आवडत. तुम्ही अय्या म्हटलं की ते उठून जातात."

"त्याची आई होती गं ती."

"मग त्यांच्यासमोर नका म्हणू."

"तसंच ठरवलं होतं. पण काल माझा चष्मा फ्रीजमध्ये सापडला आणि सुटलंच तोंडातून. तो उठला, दारापर्यंत गेला."

"मग?"

"मग परत आला. माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, बाबा, पुन्हा एकदा म्हणा."