पहिल्या मशीनची पिशवी

नाही, नाही, थांब सूर्यकांत — उचलू नकोस अजून. हे मशीन तुमच्या कंपनीच्या म्युझियमला देणार, बिल्कुल देणार, पण त्याच्यापुढे जी पाटी लावणार ती परत वाच. ‘पत्नीचे कष्ट पाहून विश्वास सबनीस यांनी व्हॅक्यूम क्लीनर बनवला.’ पत्नी! पत्नीला नाव नाही? चंद्रप्रभा — लिही. आणि कष्ट कसले पाहतायत हे — सरकारी नोकरी, घरी आले की डोळ्यांपुढे पेपर! अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीआधी मी म्हटलं, यंदा जळमटं तुम्ही काढा — तर गाझियाबादच्या भंगारातून मोटर उचलून आणली. हातात झाडू धरायला नको म्हणून! हा तुमचा शोध.

ही पिशवी बघ. हात लाव, धुतलीय. धूळ अडवायला यांनी गोणपाट लावलं, कॅनव्हास लावला — धूळ परत घरभर. शेवटी अडली कशानं? माझ्या परकराच्या कापडानं. हसतोस काय, दुहेरी शिवण आहे, अजून उसवली नाही. कुठे लिहिलंय हे?

आणि पहिला डेमो म्हणे ‘यशस्वी’! लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणी पूजतो ना — मी म्हटलं, आता हे मशीनच आपली केरसुणी, आणि चांगलं मूठभर हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी मशीन बघायला पैसेवाले चोप्रासाहेब आले, पांढराशुभ्र सफारी — यांनी बटण दाबलं आणि भुस्स! साहेब नखशिखांत लालपिवळे. यांनी पाइप उलटा लावलेला — म्हणजे — बरं, मीच हवा बाहेर पडायच्या भोकात वाहिलं होतं, ते नको लिहू. साहेब डोळे पुसत म्हणाले, “शगुन है, भाभीजी!” — आणि तिथल्या तिथे भागीदार झाले. साहिबाबादला शेड घेतली. पुढे फॅक्टरीत यांचा फोटो लागला, मला साधं बोलावलंही नाही कुणी. वाईट वाटलं रे. खूप वाटलं.

लिहिलंस? मोठ्या अक्षरांत? दाखव... हं. ने आता. मी मशीन वापरते का? अय्या, म्हणजे काय, रोज — अरे, दाराआड नको, तिथे — पाय! पाय काढ आधी, लक्ष्मी आहे ती! नमस्कार कर. काय बघतोस? केरसुणीच आहे. सकाळी तिनंच तर हॉल झाडला. पंचेचाळीस वर्षं तिनंच...

ते पेन खिशात ठेव. चल, नीघ.