फसफसलेली माती

माती तपासणीच्या खोलीत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. तपासणाऱ्या बाईंनी त्यांच्या अंगणातल्या मातीवर आम्लाचे थेंब टाकले, तशी ती फसफसली.

“पोयटा आहे आजी, पण चुनखडीचा. झाडाला लोह मिळू देत नाही. लिंबोणी पिवळी पडणारच.”

“म्हणजे यांनी पाणी जास्त घातलं म्हणून नाही?”

“नाही हो.”

“तीस वर्षं बोल लावत आले मी यांना!”

“असू दे गं. बाई, हे पांढरे कण कसले?”

“शिंपल्यांचा चुरा, आजोबा. तिथं कधीकाळी तळं होतं.”

“बघ! अंगणात झोपलं की तरंगल्यासारखं वाटतं, म्हणायचो ना मी?”

“अहो, आज माझंही अंथरूण अंगणातच घाला.”