वहिनीनं आणलं तपासणीला

डहाणूच्या दवाखान्यात शितल ताप दाखवायला आली होती. तिच्या बाकावर तलासरीकडची हिराबाई आणि तिचा धाकटा दीर मिथुन येऊन बसले. त्यांचं बोलणं शितलच्या कानावर पडत राहिलं.

“वहिनी, मला काहीच त्रास नाही. पोट साफ करायला उगाच जुलाबाचं औषध प्यायलो.”

“तुझ्या भावालाही त्रास नव्हता. रक्त पडायला लागलं, तोवर उशीर झालेला.”

“म्हणून मलाही आतड्याचा कॅन्सर होणार?”

“होईलच असं नाही. पण त्याच्यात होता तोच दोष तुझ्या रक्तात निघालाय. वडिलांकडून आलेला. म्हणून मधूनमधून आतड्यात दुर्बीण घालून बघायचं.”

“सोमीताईनं केलं?”

“तुझ्या बहिणीलाही मीच घेऊन आले होते. गाठ निघाली, पण लहान असतानाच काढली. आता शेतात जाते ती.”

“भाऊ गेल्यावर तुम्ही माहेरी गेला असतात, तरी कोणी बोललं नसतं. आमच्यामागे कशाला धावता?”

“भाऊ गेला म्हणून तू माझा दीर नाहीस का? आणि माझी भारती मोठी झाली की तिचंही रक्त तपासायचंय. काकानं सगळं केलंय म्हटल्यावर पोरगी घाबरायची नाही.”

शितलनं सरकून हिराबाईला पंख्याखाली जागा करून दिली.

नर्सनं मिथुनचं नाव पुकारलं. तो उठला, दारापाशी थांबला.

“वहिनी, भारतीला फोन लावा. काका आत गेला म्हणून सांगा.”