मनातल्या मनात ‘क’

(काचेपलीकडे स्कॅनच्या नळीत आत्या. अलीकडे डॉक्टर, भाची आणि माईक.)

डॉक्टर : परत हललं! ताई, ‘क’चे शब्द मनातल्या मनात म्हणायचे. तोंड बंद.

आत्या : बंदच होतं हो!

डॉक्टर : ओठ हलले. ओठ हलले की डोकं हलतं, आणि चित्र पुसट येतं.

आत्या : जन्मात कधी मनातल्या मनात बोलले नाही मी. विचारा माझ्या भाचीला.

भाची : खरंय. आत्या पेपर वाचते ना, तो शेजाऱ्यांचासुद्धा वाचून होतो!

आत्या : चहाटळ! बाहेर येऊ दे मला, मग बघते तुझ्याकडे.

डॉक्टर : हसू नका दोघी! ताई, गाठ बोलण्याच्या जागेला खेटून आहे. तुम्ही शब्द शोधता तेव्हा मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, ते दिसलं तर सर्जनना कळेल कुठवर कापायचं. नाही दिसलं, तर एक तर गाठ अर्धी ठेवावी लागेल, नाहीतर बोलणं जाईल.

आत्या : माझं?

भाची : नाही, माझं!

आत्या : तुझं गेलं तर घरादाराला झोप लागेल.

डॉक्टर : आता शेवटचा प्रयत्न. बाहेर पेशंट खोळंबलेत. आणि तू उड्या का मारतेस गं?

भाची : घाबरले की मी अशीच. डॉक्टर, थांबा, सुचलं! माईक द्या, माईक! आत्या, तुझ्या दुकानात ती बाई येते ना, कापडाचे सगळे ताके उलगडायला लावते...

आत्या : आणि म्हणते, “हाच रंग, पण जरा वेगळा दाखवा.”

भाची : तेव्हा तू काय करतेस?

आत्या : काय करणार? हसते. पुढचा ताका काढते.

भाची : आणि मनात?

आत्या : ...अगं बाई!

भाची : बघितलंत? मनात शिव्यांची लाखोली आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही! आत्या, ती बाई आलीय. काउंटरवर कापडाचा डोंगर झालाय. हो सुरू! पण फक्त ‘क’पासून.

आत्या : डॉक्टर, शिव्या चालतील?

डॉक्टर : ‘क’पासून असतील तर चालतील.

आत्या : ‘क’मध्ये तर खजिना आहे हो!

डॉक्टर : गप्प आता. सुरू.

भाची : नळीतल्या कॅमेऱ्यात बघा, डॉक्टर! हसतेय! हेच ते दुकानातलं हसू! ढिम्म हलत नाहीये!

डॉक्टर : श्श... अगं, हे बघ, मेंदूचं चित्र. उजळायला लागलं.

भाची : अय्या, एवढं? ह्या सगळ्या शिव्या?

डॉक्टर : हे त्यांचं बोलणं. आणि ही काळपट दिसते ती गाठ.

भाची : मध्ये फट आहे! आहे ना? सांगा ना!

डॉक्टर : आहे. अरुंद आहे, पण आहे. हमी मी देत नाही हं, ऑपरेशन सर्जन करणार. पण आता त्यांना वाट दिसेल.

भाची : माईक! आत्याऽऽ, फट आहे! गाठ एकीकडे, तुझं बोलणं एकीकडे! काय भारी शिव्या दिल्यास गं!

डॉक्टर : ताई, झालं. आता मोठ्यानं बोला, हवं तेवढं.

भाची : आत्या? ...आत्या, ऐकू येतंय ना?

आत्या : येतंय गं. ते फटीचं परत एकदा म्हण ना.