बाजारवार

हल्ली आमच्याकडेही बुधवारच म्हणतात, पण पूर्वी आमच्या नाशिकच्या घरात बुधवार नव्हताच, बरं का. मंगळवारनंतर थेट 'बाजारवार' यायचा. त्या दिवशी नदीकाठी बाजार भरतो म्हणून, अशी माझी ठाम समजूत.

नव्वदच्या दशकात बाबा रिटायर झाले आणि त्यांनी वंशावळ काढायला घेतली. त्यांच्या आजोबांच्या लग्नाचं टिपण सापडलं, पण नवऱ्याच्या वडिलांच्या नावालाच वाळवी लागलेली. पणजोबांपाशी घोडं अडलं. ते नाव ठाऊक असलेली एकच व्यक्ती उरली होती, बाबांची नव्वदीतली काकू. आम्ही दिंडोरीला तिच्याकडे गेलो.

"मी नाही बाई नाव घेणार," ती म्हणाली. "आजेसासरे ना माझे!"

"अगं काकू, ते जाऊन किती वर्षं झाली!"

"होऊ देत. सासूबाईंनी कधी घेतलं नाही, मी बरी घेईन!"

बाबा चिडले, मग त्यांनी हात जोडले. "वंशावळ अर्धी टाकून मरू का मी?"

तेव्हा कुठे तिला दया आली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आज वार कोणता रे?"

"बाजारवार."

"आणि आपलं घर सोडून बाकीचे काय म्हणतात?"

"बुधवार."

ती बाबांकडे बघत राहिली. बाबांच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. मग ते ओरडलेच, "बुधाजी!"

आणि काकूआजी झटकन डोक्यावर पदर घेऊन उठून उभी राहिली.